लिनक्स डेस्कटॉपवर दोन असमान मॉनिटर : केबलपासून लॉगिन स्क्रीनपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. उबंटू २४.०४ असलेल्या डेस्कटॉपमध्ये एएमडीचे ग्राफिक्स कार्ड आहे आणि त्यावर एक एचडीएमआय व तीन डिस्प्लेपोर्ट अशी चार पोर्ट आहेत. जुना २४ इंची फुल एचडी मॉनिटर डिस्प्लेपोर्टच्या कनव्हर्टरला व्हीजीए केबल लावून जोडला आहे. नवा २७ इंची ४के मॉनिटर घरात आधीपासून असलेल्या एचडीएमआय केबलने जोडला आहे. काम मुद्रितशोधनाचे आहे, म्हणजे एका पडद्यावर हस्तलिखिताचे स्कॅन आणि दुसऱ्यावर जुळवलेला मजकूर. जुन्या मॉनिटरवर १०२४ × ७६८ याच्या वरचे रिझोल्यूशन मिळत नाही, नव्यावर माउस अडखळत चालतो आणि अक्षरे वाचवत नाहीत इतकी बारीक दिसतात, आणि लॉगिनची चौकट दर वेळी चुकीच्या मॉनिटरवर उमटते, अशा तक्रारी आहेत. पुढे तिसरा मॉनिटर जोडण्याचाही विचार आहे.

सेटिंग्ज उघडण्याआधी एक विनंती करतो. मॉनिटरवर चित्र उमटते तेव्हा केबल, कार्ड, कर्नल (लिनक्सचा हार्डवेअर हाताळणारा गाभा) आणि डेस्कटॉप हे सगळे एकावर एक रचलेले असतात, आणि खालचा थर खोटी किंवा अपुरी माहिती देत असेल तर वरच्या थरात कितीही फेरफार केले तरी ते टिकत नाहीत. म्हणून सुरुवात केबलपासून करून वर जायचे. तुमच्या तक्रारींपैकी पहिल्या दोन माझ्या मते डेस्कटॉपच्या नाहीतच; त्या केबलच्या आहेत. (या उत्तरात आज्ञांची आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची आहेत.)

जुन्या मॉनिटरपासून सुरुवात करू. प्रत्येक मॉनिटरमध्ये ईडीआयडी नावाची माहितीची एक छोटी नोंद साठवलेली असते. तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असतो. मॉनिटर कोणत्या कंपनीचा आहे, त्याचा अनुक्रमांक काय आणि तो कोणती रिझोल्यूशन दाखवू शकतो हे कार्डाला त्या नोंदीवरूनच कळते. व्हीजीए केबलमध्ये ही नोंद वाहून आणण्यासाठी बारावी आणि पंधरावी पिन असते. स्वस्त केबलमध्ये या पिना पुष्कळदा बसवलेल्याच नसतात. रंगांच्या तारा ठीक असल्यामुळे चित्र येते, पण ओळख पोहोचत नाही. ओळख मिळाली नाही की लिनक्सचे कर्नल धोका न पत्करता १०२४ × ७६८ पर्यंतचीच सुरक्षित रिझोल्यूशन पुढे करते. तुम्हाला दिसणारा आकडा नेमका तोच आहे.

एका कार्यालयात अशाच मॉनिटरसमोर मी जवळजवळ पूर्ण दुपार घालवली होती. सीव्हीटी या आज्ञेने नव्या मोडचे आकडे काढायचे, ते एक्सरँडर या मॉनिटरची मांडणी बदलणाऱ्या आज्ञेला द्यायचे, चित्र एका बाजूला सरकलेले दिसले की पुन्हा आकडे बदलायचे, असे चालले होते. शेवटी केबल सोडवून तिचे टोक खिडकीच्या उजेडात धरले, तेव्हा पिनांच्या तिसऱ्या ओळीत दोन जागा रिकाम्या दिसल्या. दुसरी केबल लावताच मॉनिटरने आपले रिझोल्यूशन आपणहून घेतले. त्या दिवसापासून मी केबलचे टोक आधी पाहतो, टर्मिनल नंतर उघडतो.

तुमच्या बाबतीत केबल बदलून पाहाच, पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे व्हीजीए सोडून देणे. त्या काळातल्या बहुतेक २४ इंची मॉनिटरना मागे डीव्हीआय किंवा एचडीएमआय पोर्टही असते. फुल एचडीला ६० हर्ट्झवर १४८.५ मेगाहर्ट्झचे पिक्सेल क्लॉक (सेकंदाला पिक्सेल पाठवण्याचा वेग) लागते आणि साध्या, म्हणजे सिंगल लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ आहे, त्यामुळे डिस्प्लेपोर्टवरून डीव्हीआयकडे नेणारा साधा कनव्हर्टर येथे पुरतो. चित्रही व्हीजीएपेक्षा स्पष्ट मिळते, कारण डिजिटलचे ॲनालॉग आणि पुन्हा डिजिटल हा फेरा टळतो.

आता नव्या मॉनिटरवरचा अडखळणारा माउस. मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी त्याचा मेनू उघडा आणि माहितीचे पान पाहा. तेथे ३८४० × २१६० च्या पुढे ३० हर्ट्झ लिहिलेले असण्याची दाट शक्यता आहे. सेकंदाला तीसच चित्रे येत असल्यामुळे बाण सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उड्या मारतो. याचे कारण साध्या अंकगणितात आहे. ४के चित्राला ६० हर्ट्झवर ५९४ मेगाहर्ट्झचे पिक्सेल क्लॉक लागते, तर ३० हर्ट्झवर २९७. एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४० आहे आणि २.० ची ६००. साखळीतला एक दुवा जरी जुन्या मानकाचा असला तरी सगळी साखळी ३० वर उतरते. हा दुवा केबल असू शकतो, पण कित्येकदा तो मॉनिटरच असतो : अनेक ४के मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआयची आवृत्ती निवडण्याची सोय असते आणि जुन्या उपकरणांशी जमावे म्हणून ती कारखान्यातून १.४ वर ठेवलेली असते. ती २.० करून पाहा.

माझा सल्ला मात्र याहून सरळ आहे. कार्डावर दोन डिस्प्लेपोर्ट मोकळे असताना ४के मॉनिटर एचडीएमआयवर ठेवण्याचे कारण नाही. त्याला डिस्प्लेपोर्टची चांगली, शक्यतो दोन मीटरच्या आतली केबल लावा. डिस्प्लेपोर्ट १.२ पासूनच ४के ६० हर्ट्झवर आरामात चालते. लिनक्सवर एएमडी कार्ड वापरणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे. एचडीएमआय २.१ ची सोय मुक्त ड्रायव्हरमध्ये आणण्याचा एएमडीचा प्रस्ताव हे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला. म्हणून पुढे कधी १२० किंवा १४४ हर्ट्झचा ४के मॉनिटर घ्याल, तेव्हाही डिस्प्लेपोर्टचीच वाट भरवशाची ठरेल.

केबलांचे काम झाले की कर्नलला काय दिसते ते पाहायचे. '/सिस/क्लास/डीआरएम' या फोल्डरात कार्डाच्या प्रत्येक पोर्टच्या नावाचा एक उपफोल्डर असतो आणि त्यात 'स्टेटस' नावाची फाइल असते. 'कॅट' या आज्ञेने ती वाचली की 'कनेक्टेड' किंवा 'डिस्कनेक्टेड' असा एकच शब्द मिळतो, आणि शेजारच्या 'मोड्स' या फाइलमध्ये मॉनिटरने स्वीकारलेली रिझोल्यूशन दिसतात. दोन्ही मॉनिटर येथे 'कनेक्टेड' असतील आणि त्यांची मूळ रिझोल्यूशन यादीत असतील, तर हार्डवेअर निर्दोष आहे असे समजून पुढे जायला हरकत नाही. नसतील, तर डेस्कटॉपच्या सेटिंग्ज बदलून काहीही साधणार नाही. पुन्हा केबलकडेच वळावे लागेल.

येथून पुढचे समजून घ्यायला थोडी मागची गोष्ट लागते. लिनक्सवर चित्र दाखवण्याचे काम अनेक दशके एक्स-११ करीत आले. त्याचा आराखडा १९८७ चा आहे. एका टेबलावर वेगवेगळ्या घनतेचे दोन पडदे असतील ही कल्पना त्यामागे नव्हती. त्यामुळे एक्स-११ सगळ्या मॉनिटरना मिळून एकच मोठा कागद मानते आणि प्रत्येक मॉनिटर ही त्या कागदाचा एक तुकडा दाखवणारी चौकट असते. मॉनिटर चालू संगणकावर जोडणे, काढणे, फिरवणे हे सोपे झाले ते २००७ मध्ये एक्स सर्व्हरच्या १.३ आवृत्तीसोबत आलेल्या रँडर १.२ या जोडभागामुळे; त्याआधी एक्सऑर्गची कॉन्फिगरेशन फाइल हाताने लिहावी लागे. पण कागद एकच राहिला, आणि कागदाला मापही एकच. एक्स-११ ची जागा घेण्यासाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने हे गृहीतकच सोडून दिले. तेथे प्रत्येक मॉनिटर स्वतंत्र असतो आणि त्याचे स्केलही (म्हणजे चित्र किती पट मोठे दाखवायचे तेही) स्वतंत्र असते.

तुमची बारीक अक्षरांची तक्रार याच जागी सुटते, म्हणून येथे थोडे थांबू. २७ इंची ४के पडद्यावर एका इंचात सुमारे १६३ पिक्सेल बसतात आणि २४ इंची फुल एचडीवर सुमारे ९२. म्हणजे जुन्या पडद्यावर एक सेंटिमीटर उंच दिसणारी गोष्ट नव्यावर साडेपाच-सहा मिलिमीटरची होते. देवनागरीला हे विशेष जाचते, कारण आपल्या लिपीत अर्थ बदलणाऱ्या खुणा अगदी लहान आहेत : अनुस्वाराचे टिंब, ऱ्हस्व-दीर्घ उकाराची शेपटी, 'द्ध' आणि 'द्व' यांच्यातला फरक. मुद्रितशोधनात नेमके तेच पाहायचे असते.

या दोन आकड्यांचे गुणोत्तर १.७७ आहे. म्हणून नव्या मॉनिटरला १७५ टक्के आणि जुन्याला १०० टक्के स्केल दिले की दोन्हींवरील अक्षरे डोळ्यांना जवळजवळ सारखी दिसतात. उबंटूत सेटिंग्जमधील डिस्प्ले या पानावर अपूर्णांकी स्केलिंगचे बटण आहे. ते चालू केल्यावर १२५, १५० आणि १७५ हे पर्याय दिसू लागतात. मग मजकुराची एक खिडकी दोन्ही पडद्यांच्या सीमेवर अर्धी-अर्धी ठेवा आणि एकाच ओळीची उंची दोन्हीकडे साध्या पट्टीने मोजा. मी नव्या ठिकाणी हे प्रत्येक वेळी करतो, कारण मॉनिटरचा छापील आकार आणि टेबलावरून दिसणारा आकार यांत डोळ्यांचे अंतरही येते; मोठा मॉनिटर जरा मागे ठेवला असेल तर दोनशे टक्केसुद्धा योग्य वाटू शकते.

अर्थात हे सगळे वेलँडवर. तुमचे सेशन कोणते आहे ते सेटिंग्जमधील सिस्टिमच्या तपशिलात विंडोइंग सिस्टिम या ओळीपुढे दिसते. एएमडी आणि इंटेल कार्डांवर उबंटू २४.०४ वेलँडनेच सुरू होते. एनव्हिडिया कार्डांसाठीही उबंटूने वेलँड ही मूळ निवड केली ती २४.१० पासून. ज्यांच्याकडे एनव्हिडिया आहे त्यांनी कंपनीचा ५५५ किंवा त्यानंतरचा ड्रायव्हर घ्यावा, कारण खिडक्या लुकलुकण्याचा त्रास त्या आवृत्तीतील सुधारणेने बराच कमी झाला.

वेलँडवर एक्सरँडरच्या आज्ञा देऊ नका, हे मुद्दाम सांगतो, कारण मॉनिटरविषयीची निम्मी जुनी उत्तरे त्याच आज्ञांनी भरलेली आहेत. वेलँडमध्ये एक्सरँडरला जुन्या प्रोग्रामांसाठी उभे केलेले एक प्रतिरूप तेवढे दिसते. ती यादी दाखवते, पण मॉनिटरची मांडणी बदलू शकत नाही. आज्ञा चुकली असे वाटून माणूस तीच पुन्हा पुन्हा देत राहतो.

वेलँडचीही एक उणीव आहे. जे प्रोग्राम अजून एक्सच्याच पद्धतीने चालतात ते उबंटू २४.०४ वर अपूर्णांकी स्केलिंगमध्ये आधी लहान आकारात रेखाटले जातात आणि मग ताणून मोठे केले जातात, त्यामुळे त्यांची अक्षरे धूसर दिसतात. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स थेट वेलँडवर चालतात, म्हणजे तुमचे मुख्य काम सुरक्षित आहे. क्रोम धूसर दिसला तर त्याच्या फ्लॅग्ज पानावर ओझोन प्लॅटफॉर्मचा पर्याय 'ऑटो' करा. कोणता प्रोग्राम कुठल्या पद्धतीने चालतो हे ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे. एक्सआइज नावाचा छोटा प्रोग्राम चालू करा. त्यात दोन डोळे माउसच्या बाणाकडे बघत राहतात. बाण एक्सच्या पद्धतीने चालणाऱ्या खिडकीवर असेल तरच बुबुळे हलतात, वेलँडच्या खिडकीवर गेला की ती जागीच थांबतात.

तुमच्या ओळखीतले कोणी लिनक्स मिंट वापरत असेल तर त्यांची वाट वेगळी आहे, कारण मिंटचा सिनॅमन हा डेस्कटॉप अजून मुख्यतः एक्स-११ वर चालतो. तेथे सगळ्या डेस्कटॉपला दोनशे टक्के स्केल द्यायचे आणि फुल एचडी मॉनिटरसाठी एक्सरँडरच्या स्केल या पर्यायातून त्याच्या वाट्याचा कागद पावणेदोनपट मोठा घेऊन तो मॉनिटरवर लहान करून दाखवायचा, हा उपाय चालतो. मात्र त्या मॉनिटरवरची अक्षरे किंचित मऊ दिसतात आणि कार्डावर भार वाढतो. असमान मॉनिटर असतील तर उबंटू, फेडोरा किंवा केडीई प्लाझ्मा ६ यांपैकी एकावर जावे, असेच मी सांगेन. दोन्ही मॉनिटर एकाच जातीचे असतील तर मिंटमध्ये काहीही कमी नाही.

स्केल ठरल्यावर मांडणी. डिस्प्लेच्या पानावर दोन मॉनिटरच्या चौकटी टेबलावर जशा आहेत तशाच सरकवून ठेवा. १७५ टक्क्यांवर ४के मॉनिटरची उंची डेस्कटॉपच्या हिशेबात १२३४ होते आणि जुन्याची १०८०, म्हणजे कुठेतरी १५४ एककांची कडा उघडी राहणारच. त्या कडेला बाण भिंतीला थडकल्यासारखा अडतो. प्रत्यक्षात दोन्ही पडद्यांचे दृश्य भाग खालच्या बाजूला एका रेषेत असतील तर चौकटीही खाली जुळवा. स्टँडमुळे मधोमध जुळत असतील तर मधोमध. मी मजकूर ४के पडद्यावर आणि बरोबर समोर ठेवतो आणि स्कॅन डावीकडे, थोडे कलते. मान दिवसभर ज्या पडद्याकडे राहणार तोच मुख्य, हे तत्त्व मला उपयोगी पडले आहे. हस्तलिखिताची पाने उभी असतात, तेव्हा जुन्या मॉनिटरचा स्टँड फिरत असेल तर त्याला उभा करून डिस्प्लेच्या पानावर दिशा बदलण्याचाही जरूर विचार करा. १०८० × १९२० च्या पडद्यावर फुलस्केपचे पान जवळजवळ पूर्ण मावते आणि वरखाली सरकवणे पुष्कळ वाचते. त्याच जोडीने मल्टिटास्किंगच्या पानावर वर्कस्पेस सर्व मॉनिटरवर की फक्त मुख्यावर हा पर्यायही पाहा. ग्नोम, म्हणजे उबंटूचे डेस्कटॉप, मुळात ते फक्त मुख्य मॉनिटरवर बदलते आणि तुमच्या कामाला तेच सोयीचे आहे, कारण मजकुराच्या खिडक्या बदलल्या तरी स्कॅन जागेवर राहते.

तिसऱ्या मॉनिटरसाठी कार्डावरचेच मोकळे डिस्प्लेपोर्ट वापरा. मदरबोर्डवरच्या पोर्टला तो जोडण्याचा मोह होतो, पण प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसेल तर ते पोर्ट निर्जीव असते, आणि असले तरी वेगळे कार्ड लावल्यावर अनेक मदरबोर्ड ते आपोआप बंद ठेवतात. बायोसमधून (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जमधून) ते चालू करता येते. तरीही एका कार्डाने काढलेले चित्र दुसऱ्याकडे नेण्याचा खर्च राहतोच. यूएसबीमधून चित्र देणारे डॉक लॅपटॉपवाल्यांना सोयीचे असतात, पण त्यांचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो आणि कर्नल बदलले की तो पुन्हा तपासावा लागतो. तुमच्याकडे पोर्ट शिल्लक असताना ते ओझे घेऊ नका.

डिस्प्लेपोर्टवर गेल्यावर एक नवी गोष्ट तुमच्या लक्षात येईल, ती आधीच सांगून ठेवतो. काही मॉनिटर झोपी गेले किंवा बटणाने बंद केले की डिस्प्लेपोर्टवरचा आपल्या हजेरीचा संकेतही काढून घेतात. डेस्कटॉपला वाटते की मॉनिटर काढून नेला, म्हणून तो सगळ्या खिडक्या उरलेल्या पडद्यावर ढकलतो. जेवून परत यावे तो लावून ठेवलेला पसारा मोडलेला दिसतो. याचा उपाय बहुधा मॉनिटरच्या मेनूतच असतो. तेथे गाढ झोपेचा किंवा वीजबचतीचा पर्याय सापडला तर बंद करा.

लॉगिनची चौकट शेवटी ठेवली, कारण ती वरचे सगळे ठरल्यावरच दुरुस्त करता येते. तुम्ही केलेली मांडणी ग्नोम तुमच्या होम फोल्डरातील लपलेल्या 'कॉन्फिग' फोल्डरात 'मॉनिटर्स डॉट एक्सएमएल' या फाइलमध्ये लिहून ठेवते. त्या नोंदीत मॉनिटरची कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक यांच्यासोबत पोर्टचे नावही असते, म्हणूनच केबल एका पोर्टमधून दुसऱ्यात घातली की जुनी मांडणी लागू होत नाही. लॉगिन स्क्रीन तुमच्या नावाने चालत नाही. ती जीडीएम या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालते, आणि तुमची फाइल तिला दिसतच नाही. तेव्हा मॉनिटर कायमच्या पोर्टवर लावून, स्केल आणि मुख्य मॉनिटर मनासारखा ठरवून झाल्यावर या फाइलची प्रत सुडो ही प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा वापरून '/व्हार/लिब/जीडीएम३' या फोल्डरातील लपलेल्या 'कॉन्फिग' फोल्डरात ठेवा, चाउन या आज्ञेने त्या प्रतीची मालकी 'जीडीएम' या वापरकर्त्याकडे द्या आणि संगणक पुन्हा सुरू करा. चौकट ४के मॉनिटरवर, योग्य आकारात उमटली पाहिजे. तिसरा मॉनिटर आल्यावर मांडणीची नवी नोंद तयार होईल, आणि तेव्हा ही प्रतही पुन्हा नव्याने करावी लागेल.